धुतलेला समुद्र

मी शेजारच्या काकांचा समुद्र भांडी घासायच्या साबणानं धुतला.

समुद्र म्हणजे काचेची टाकी. पण यवतमाळात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? आमच्या गल्लीत होता. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले काका. किती दिवस त्या टाकीत नुसतं पाणी, दगड आणि घुरघुरणारी मोटर. मासा एक नाही. लोक मुद्दाम पाहायला येत.

"काका, मासे पळाले काय?" मी येता-जाता विचारायचो.

"हात नोको लावू, भाऊ. काम चालू आहे."

"कोण करून राह्यलं? मले तर कोणी दिसत नाही."

"जंतू," काका गंभीरपणे म्हणायचे. "चांगल्यातले."

माशांची घाण पचवणारे जंतू आधी दगडांवर वसले पाहिजेत, नाहीतर मासे मरतात, हे त्यांनी मला कितीदा तरी समजावलं. मी प्रत्येकदा मान हलवली. ऐकलं एकदाही नाही.

ही सारी खटपट काकूंसाठी होती. काकू वेंगुर्ल्याच्या. काका नोकरीत तिकडे होते, तिथूनच लग्न करून त्यांना इकडे आणलं. आता साखरेनं काकूंची नजर जात चालली होती, लांबचा प्रवास झेपत नव्हता. दिसतंय तोवर त्यांच्या खाटेजवळ समुद्र आणायचा, हा काकांचा हट्ट.

डोळे दाखवायला दोघं नागपूरला निघाले, तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली. "लाइन गेली तर मोटर पुन्हा सुरू झाली का, तेवढं पाह्यजो. बाकी काही करू नोको."

बाकी काही करणं हाच तर माझा प्रांत. दार उघडलं आणि वासानं नाक फाटलं. दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर. तळाशी पांढरी, फुगलेली, लिबलिबीत वस्तू. तो मुद्दाम सडायला टाकलेला झिंगा होता, जंतूंचं जेवण, हे मला नंतर कळलं. आमच्या घरात अंडंही येत नाही. मला ती अळी वाटली. म्हटलं, काका थकलेत, आपण सेवा करू. टाकी उपसली. दगड तारेच्या घासणीनं लख्ख केले. नळाचं पाणी भरलं. समुद्र आहे म्हणून स्वयंपाकघरातलं मीठ टाकलं, चव घेतली. वरणापेक्षा थोडं खारट. जमलं.

काका आले, टाकीसमोर उभे राहिले. मी शाबासकीची वाट पाहतोय. त्यांनी एक दगड काढून नाकाशी नेला.

"लिंबाचा वास येऊन राह्यला," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

"काय झालं हो?" काकूंनी खाटेवरून विचारलं. "मासे कधी येणार?"

"माझंच चुकलं. निघायच्या आधी मीच धुतली टाकी. आता पुन्हा पहिल्यापासून."

काकू मग जे सुटल्या! "माझे डोळे मिटल्यावर आणा तुमचे मासे! एक काम धड होत नाही तुमच्यानं!"

काका मान खाली घालून ऐकत होते. मी दाराशी उभा. एकच शब्द बोलायचा होता: मी. तो काही तोंडातून निघाला नाही. "येतो मग," एवढं मात्र निघालं.

काकांनी नवे दगड आणले, नवं पाणी, पुन्हा झिंगा. आता मी काही विचारत नव्हतो, तरी मी दिसलो की काकाच भिंतीवरून म्हणायचे, "काम चालू आहे, भाऊ." माझी मान वर होत नसे.

नारिंगी माशांची जोडी आली तेव्हा पावसाळा उलटला होता. काकूंनी काचेला नाक लावलं.

"काहीतरी केशरी हलतंय," त्या म्हणाल्या. "मासेच आहेत ना?"

"हो," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. माशांना दाणे टाकायला आता मी जातो. परवा धीर करून म्हटलं, "काकू, एक सांगायचं होतं. ती टाकी तेव्हा..."

"तू धुतलीस," काकू म्हणाल्या. "ह्यांनी जन्मात चहाचा कप विसळला नाही, ते दगड घासणार? ह्यांना बोलत होते तेव्हा मी वाट बघत होते, हा आता तोंड उघडेल, मग उघडेल. भित्रा आहेस तू. दाणे टाक आणि जा."