रेशमाआत्यानं मॅडमना सांगितलेली गोष्ट

माझी आत्या खोटं बोलली होती. आणि मी तिला साथ दिली होती.

आज पहाटे ती गेली. रेशमाआत्या, वडिलांची थोरली बहीण.

काष्टीच्या पुढं आमची पारध्यांची वस्ती आहे. आमची माणसं कुठून आली, कुठल्या वाटेनं फिरली, कोण कुठं थांबलं, ही सगळी गोष्ट आत्याला तोंडपाठ. फक्त थंडीत सांगायची.

तिचा कुणावरच विश्वास नव्हता. मीटर बघायला आलेल्यालाही विचारायची, "तुला कुणी धाडलं?"

माझ्यावर तर मुळीच नाही. मी नगरला कॉलेज केलं, नागापूरला कंपनीत लागलो.
"तू आता तिकडचा."
मी येऊन बसलो की गोष्ट मध्येच बंद. लई लागायचं मनाला.

एकदा मोबाईलवर कॅनडातल्या अनिशिनाबे आदिवासींबद्दल वाचलं. म्हटलं, आत्या खूश होईल.
"आत्या, तिकडं पण काही गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगतात. आपल्यासारखंच."
"हे तुला कुणी सांगितलं? त्यांनी, का त्यांच्याकडं वही घेऊन गेलेल्यानं?"

पुढं कोविडच्या आधीच्या हिवाळ्यात संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या. चांगल्या होत्या, खरंच. आमच्यात बसून जेवल्या. म्हणाल्या, "ही गोष्ट म्हणजे तुमची ओळख. ती जपायला हवी."
मला पटलं. मीच त्यांना आत्याकडं नेलं.

आत्या लगेच तयार झाली.
तिथंच मला शंका यायला हवी होती.

रेकॉर्डर सुरू झाला. सुरुवात बरोबर. मग थांबण्याच्या जागा आल्या आणि माझे कान टवकारले. नदी वेगळी. डोंगर वेगळा. लहानपणी अर्धीच ऐकली होती, पण तेवढं कळत होतं.

आत्या सांगत होती मॅडमना. बघत होती माझ्याकडं.

मॅडमनी विचारलं, "दादा, तुम्ही पण अशीच ऐकलीय ना?"
"हो."
का म्हणालो, माहीत नाही.

त्यांची गाडी गेल्यावर मी आत्याला धरलं. "का बदललीस?"

"मी परकर नेसत हुते, तवा असाच एक जन आला. गोड बोलला, गोष्ट लिहून घेतली. आठ दिसांत, जिथं जिथं आपली मानसं थांबत्यात, तिथं तिथं पोलिसांची गाडी. माझ्या बापाला नेलं. त्यो परत आलाच न्हाई."

तिचा बाप म्हणजे माझे आजोबा. घरात त्यांचा विषय कधी कुणी काढला नव्हता.

"मॅडम तशा नाहीत गं."
"नसंल. पर ती वही उद्या कुनाच्या हातात जाईल, ते तिला तरी ठावं हाय का?"

 

त्याच हिवाळ्यात तिनं मला पूर्ण गोष्ट सांगितली. आधी मोबाईल बाहेर ठेवायला लावला. तीन दिवस लागले.

मॅडम, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. हे वाचाल. तुमच्याशी खोटं बोललो, त्याचं वाईट वाटतं. पण ती गोष्ट छापलेल्या तुमच्या पुस्तकात कुठं काय बदललंय ते विचारू नका. फोनही करू नका.

दुपारी माती दिली. संध्याकाळी थंडीत सगळे तिच्या घरापुढं जमले. चुलतभाऊ म्हणाला, "गोष्ट कुनाला येती?"


मी सुरू केली. दोनदा अडलो. दोन्ही वेळा मागून बायकांनी पुढचं सांगितलं. तेव्हा कळलं, तिनं ती माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडली नव्हती. आमच्यापैकी कुणा एकावर तिचा पूर्ण विश्वास नव्हताच बहुतेक.

गोष्ट संपल्यावर ती सांगून गेलेल्यांची नावं घ्यायची असतात. आजोबांचं नाव घेतलं. तिथं यादी संपत होती.

मग आत्याचं घेतलं.
सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं.

आत्या, सांभाळून जा. आम्ही आहोत इथं.