बरणीतला हिरवा

शास्त्रज्ञांची चित्रं काढण्यात चित्रकाकूंची तीस वर्षं गेली. मुलांच्या पुस्तकातला दुर्बिणीला डोळा लावून बसलेला म्हातारा असो, नाहीतर बेडकाचा पाय चिमट्यात धरलेला डॉक्टर, त्यांच्याच टेबलावर जन्मलेला. स्वभाव मात्र खाष्ट. मजकूर आधी वाचायचा नाही, हा हट्ट. "गोष्ट तोंडी सांगा, बाकी माझं मी बघते," असं त्या संपादकाला सुनवायच्या. तो बिचारा फोनवर गोष्ट सांगायचा आणि मजकूर काकू पाहायच्या तो थेट छापखान्यातून आलेल्या कच्च्या पानांवर.

त्यांच्यासारखा हिरवा दुसऱ्या कुणाला जमत नसे. गुरूंनी दिलेल्या बरणीतली ती भुकटी. चिमूटभर घ्यायची आणि डिंकाच्या पाण्यात कालवायची. ब्रश ओठांत धरून त्याला बारीक टोक काढायचं, हीसुद्धा गुरूंचीच शिकवण. हल्ली पाय बधिर व्हायचे, तळहात खरखरीत झाले होते. काकूंनी ते सगळं वयाच्या नावावर खपवलं.

त्या शनिवारी दुपारी रंगांच्या इतिहासावरच्या नव्या पुस्तकाची पानं आली. लेक नुकतीच वाचनालयात गेली होती. तिथे बावीस मुलांचा चित्रांचा वर्ग भरे. गेल्या खेपेला काकूंनी स्वतः शिकवलं होतं. आज पाय साथ देईनात म्हणून लेकीला पाठवलं आणि वर बरणीही दिली. "पोरांना कळू दे तरी, खरा हिरवा काय असतो ते!"

सातव्या पानावर कागदी फुलं बनवणाऱ्या मुली होत्या. चित्र झकास उतरलं होतं. काकू खूश होऊन शेजारचा मजकूर वाचू लागल्या. त्या फुलांच्या पानांना लावायचा हिरवा तांबं आणि आर्सेनिक यांपासून बनत असे. आर्सेनिक म्हणजे जहाल विष. मुलींचे पाय बधिर होत, तळहात खरखरीत होत. काहीजणी त्यातच गेल्या.

काकूंनी आपले तळहात उलटून पाहिले. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण ती पोरं!

लेकीचा फोन बंद. वर्गात ती तो बंदच ठेवायची. वाचनालयातही कुणी उचलेना. काकू चपला न घालताच निघाल्या. दोनच गल्ल्या, पण पाय जमिनीला लागतात की नाही तेच कळेना. भिंतींना धरत, धापा टाकत त्या चालत राहिल्या. इतकी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती.

वर्गाचं दार उघडंच होतं. प्रत्येक पोरापुढे हिरव्या रंगाची वाटी होती. ब्रश नुकतेच बुडवले होते.

"अगं आई, तू कशाला आलीस या पायांनी?" लेक म्हणाली. काकूंना दम लागला होता, तोंडातून शब्द फुटेना. लेक हसून मुलांकडे वळली. "बघा रे कोण आलंय! काकूंनी टोक कसं काढायला शिकवलंय? दाखवा बघू त्यांना!"

काकूंचा "नको" बाहेर पडेपर्यंत बावीस ब्रश ओठांत गेले होते.