मागची भिंत

गवंडीकाकांनी जन्मभर लोकांच्या घरांना ऐसपैस खिडक्या काढल्या आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र भरदुपारी दिवा लावावा लागायचा. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," काकू ऐकवायच्या. काम सोडल्यावर काकांनी एकदाचं मनावर घेतलं. मागची भिंत पाडून काचेची खोली जोडली, बाहेर जाईचा वेल चढवला, कमळासाठी छोटं टाकं बांधलं.

पहिल्या सकाळी ऊन थेट ओट्यापर्यंत आलं. काका चहाचा कप घेऊन कौतुकाची वाट बघत बसले. काकूंनी वर पाहिलं, कोपरे न्याहाळले.

"एवढी जळमटं होती होय आपल्या घरात?"

त्यांनी काकांच्या हातातला कप काढून घेतला आणि झाडू दिला. काका निमूट स्टुलावर चढले. खाली काकू उन्हात पाय पसरून त्यांचा चहा पीत बसल्या.