मला नको, अप्पाला सांग

आमच्या ॲडमिशन ऑफिसात जुन्या फायली ठरावीक वर्षांनी रद्दीत जातात. किस्से मात्र रद्दीवालासुद्धा घेत नाही, त्यामुळे ते साठत राहतात. चेन्नईत येऊन मला सोळा वर्षं झाली, आणि त्यातले निम्मे किस्से तर नुसत्या ‘थँक यू’चे आहेत!

*

हल्ली क्लासवाले मुलांना बजावतात, इंटरव्ह्यू झाला की चोवीस तासांत आभाराचा मेल गेलाच पाहिजे. एका पठ्ठ्यानं तो इंटरव्ह्यूच्या दोन दिवस आधीच पाठवला. ‘सर, आजचा संवाद अविस्मरणीय होता.’

आमच्या पॅनेलवरच्या मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, “इतका छान झालाय, तर आता परत कशाला घ्यायचा?”

*

दुसरा एक मुलगा इंटरव्ह्यू संपवून बाहेर गेला, आणि आभार मानायचे राहिले म्हणून धावत परत आला. तेवढ्यात पॅनेल जेवायला गेलं होतं. खुर्चीत एसी दुरुस्त करणारा माणूस घाम पुसत बसला होता. मुलानं सरळ साष्टांग नमस्कार घातला!

“नल्ला इरु,” त्यानं तमिळमध्ये भरघोस आशीर्वाद दिला, “पण कॉम्प्रेसर बदलावा लागेल.”

मुलाला सीट मिळाली.

*

आता राव सर. तंजावरी मराठी, पिढ्यान् पिढ्या इकडचे. फिजिक्स शिकवतात, वेस्ट मांबलमला आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. माणूस साधा, चेहरा हसरा. त्यांच्या पॅनेलचे मेल मात्र वेगळेच यायचे.

एका मुलानं लिहिलं, ‘सर, आज मित्राच्या बाइकवर बसू नकोस म्हणालात, म्हणून बसनं गेलो. बाइक लॉरीखाली गेली. मित्राचा पाय मोडला, मागची सीट उरली नाही. थँक यू.’

मी प्रिंट काढून सरांना दिला. त्यांनी दोनदा वाचला.

“अय्यो, कदम! मी असलं काहीच बोललो नाही हो.”

पॅनेलवर शेजारी बसलेल्या दोघांनी ऐकलं होतं. लाइट आणि लेन्सच्या प्रश्नांच्या मधेच सर ते वाक्य बोलले होते, आणि मग पुढचा प्रश्न विचारला होता.

*

पुढच्या वर्षी एक मुलगी पेढ्यांचा डबा घेऊन आली. सरांनी तिला इंटरव्ह्यूत विचारलं होतं, “ताताचा आवाज रेकॉर्ड करून ठेवलायस का?” तिला वाटलं, प्रश्न साउंड वेव्ह्जचा आहे. घरी जाऊन तिनं आजोबांकडून तासभर गोष्टी सांगवून घेतल्या. आजोबा ठणठणीत होते. आठवड्यानं गेले.

“आता रोज ऐकते, सर. थँक यू,” ती म्हणाली.

सरांनी डब्याला हात लावला नाही. ती गेल्यावर बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

*

त्यानंतर आभाराचे मेल मी त्यांना दाखवणं बंद केलं. त्यांनीच सांगितलं होतं. एकदा धीर करून म्हणालो, “सर, पॅनेल सोडून का देत नाही?”

“सोडलं होतं हो, एक वर्ष,” ते म्हणाले. “मग घरी येणाऱ्या पाहुण्यांना असलंच विचारायला लागलो!”

मी हसलो. ते हसले नाहीत.

*

शेवटचा किस्सा ताजा आहे, आज दुपारचा.

यंदा माझ्या लेकीचा, सईचा इंटरव्ह्यू होता. तिला हेच कॉलेज हवं होतं. मला फक्त राव सर नको होते. पॅनेलचा तक्ता मीच करतो, तेव्हा तिचं नाव मुद्दाम मॅडमच्या पॅनेलमध्ये टाकलं आणि बाहेरून येणाऱ्या एका प्रोफेसरांना आणायला एग्मोर स्टेशनवर गेलो.

तिथं फोन आला. मॅडमना ताप भरलाय, त्यांची पाचही मुलं राव सरांकडे दिलीत!

प्रोफेसरांना गाडीत बसवून परत येईपर्यंत मला काही सुचत नव्हतं. पोरीला काय सांगतील? पाण्यात जाऊ नकोस? जिना उतरू नकोस? जे सांगतील ते तिनं ऐकावं, एवढंच मी घोकत होतो.

पोचलो तेव्हा सई बाहेर येत होती. खुशीत होती.

“कसा झाला?”

“मस्त, अप्पा! फिजिक्सचे दोनच प्रश्न. सीट मिळणार बघा!”

“आणखी काय म्हणाले? कुठं जाऊ नकोस, कशाला हात लावू नकोस, असं काही?”

“छे! माझ्याबद्दल काहीच नाही.” ती फाइल बॅगेत कोंबत होती. “सगळं तुमच्याबद्दलच. सकाळी मला कोण उठवतं, सायकल कुणी शिकवली, असलंच.”

मी आत पाहिलं. राव सर दाराकडे पाठ करून उभे होते.

“निघताना मी थँक यू म्हटलं,” सई म्हणाली, “तर म्हणतात, ‘मला नको गं मा. अप्पाला सांग. आजच सांग.’”

आणि तिथंच, सगळ्या पालकांसमोर, माझा हात धरून ती हसत म्हणाली,

“थँक यू, अप्पा!”