निर्व्यसनी

नात्यागोत्यात मी निर्व्यसनी म्हणून प्रसिद्ध. सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. त्यामुळे गोड खाणं हा माझा हक्कच आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मालगुंडला सासुरवाडीला गेलो की पुढ्यात घावन-घाटलं यायचं आणि सासूबाई लेकीला सांगायच्या, मास्तरांना दुसरा नाद काय आहे, वाढ त्यांना. बायको वाढायची. मग मधुमेह निघाला, पोट सुटलं, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली, तरी आंबापोळीचा डबा जागचा हलला नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही, चरबी काय हल्ली सगळ्यांनाच असते, म्हणून रिपोर्ट परत दिला.

यंदा त्याच यकृतात गाठ निघाली. कॅन्सर.

आळीत कळायला कितीसा वेळ लागणार? यकृत म्हटलं की आपल्याकडे बाटलीच आठवते. भेटायला येणारे चौकशी माझी करायचे आणि कीव मात्र बायकोची. मला त्याचं हसू यायचं. एक दिवस माझ्या हातावर गोळ्या ठेवताना तिनेच विचारलं, "पूर्णगडच्या शाळेत होतात, एकटे राहत होतात, तेव्हा घेत होतात का? आता तरी खरं सांगा."

गाठीपेक्षा ते जास्त लागलं. पूर्णगडला संध्याकाळी मी खाडीवर फेरी मारायचो आणि खोलीवर येऊन हिनेच बांधून दिलेले लाडू खायचो. पण संतापाने माझ्या तोंडून शब्दच फुटेना. गप्प बसलो म्हणजे कबूल केलं, असंच तिला वाटलं असणार.

पुढच्या खेपेस तिला मुद्दाम मोठ्या डॉक्टरांसमोर बसवलं आणि प्रश्न मीच विचारला. ते म्हणाले, दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही हा होऊ शकतो. मधुमेह, पोटाचा घेर, यकृतातली चरबी यांनी धोका वाढतो. मात्र तुमच्या बाबतीत हेच कारण, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

काल शेजारच्या काकू आल्या. मी आतल्या खोलीत पडलो होतो. आवाज खाली आणून त्यांनी विचारलंच, "मास्तर कधी घेत नव्हते ना गो?"

मी कान टवकारले. तिने नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"न पिणाऱ्यालाही होतो," ती म्हणाली. "असं डॉक्टर म्हणतात."