आमच्या खिडकीतलं हिब्रू भूत

आमच्या घरात भुताला कुणीही भीत नाही. त्यामुळे त्या थंडीत आम्ही चौघं पहाटेचा चहा अंगणात कुडकुडत का पीत होतो, हे शेजाऱ्यांना सांगणं जरा अवघड गेलं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देत. (घरीही देत, आम्ही जेवत असताना.) राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत सगळा संसार काढल्यावर कसबा बावड्यात आमचं स्वतःचं घर झालं होतं. त्यात आईचा जीव स्वयंपाकघराच्या सरकत्या काचेच्या खिडकीत.

मी शेतकीची पदवी घेऊन घरी बसलो होतो आणि ठिबक सिंचन शिकायला इस्राएलला जायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. आण्णांना मी बँकेत हवा होतो. म्हणून रद्दीच्या दुकानातलं हिब्रू मुळाक्षरांचं पुस्तक गादीखाली आणि अभ्यास चोरून. त्यात अक्षरांची जन्मकथाही होती: आलेफ म्हणजे मुळात बैलाचं शिंगाळं डोकं, बेत म्हणजे घर, मेम म्हणजे पाण्याच्या लाटा, आयिन म्हणजे डोळा. मी ती जुनी चित्रंही गिरवायचो.

एका पहाटे साखर कारखान्याच्या मळीचा वास घेऊन धुकं दारापर्यंत आलं होतं. आईनं पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं. काचेवर वाफ धरली आणि त्या वाफेत हळूहळू एक डोळा उघडला.

आईच्या हातातला डाव पडला. आम्ही सगळे धावलो. डोळ्याशेजारी शिंगं उगवली, खाली लाटा उठल्या. बाहेर कुणीही नव्हतं. काच सुकली तसं सगळं नाहीसं झालं.

"वाऱ्यानं हुतंय तसं," आण्णा उंबऱ्याबाहेरून म्हणाले.

"वारं शिंगं काढतंय व्हय?" आईनं विचारलं.

माझी तर बोबडीच वळली होती, कारण मला ते वाचता येत होतं!

"आण्णा, ह्ये हिब्रू हाय."

"तुला कसं ठावं?"

माझं इस्राएल तिथंच बुडालं. भीतीपुढं बँक काय नि बाप काय, मी पुस्तक आणून एकेक अक्षर दाखवलं, वर अर्थही लावला: शिंगं असलेलं कुणीतरी तहानलेलं आहे आणि ते आपल्याकडं बघतंय. (इतक्या लांबचं भूत बावड्याला कशाला येईल, हा प्रश्न मला पडला नाही. शेतकीला तो विषय नसतो.)

आण्णांनी मला अडाणी म्हटलं आणि खिडकीबाहेर तांब्याभर पाणी ठेवलं. "झाडाला घालाय," म्हणाले. तिकडं झाड नव्हतं.

पुढं रोज पहाटे तेच. शेवटी आईनं भांडी बांधायला काढली.

"मला न्हाय ऱ्हायाचं हितं. खोलीच बरी हुती की."

त्या घरासाठी तिनं किती हौस मारली होती ते आम्हाला माहीत होतं. मला फार वाईट वाटलं.

मग माझी थोरली बहीण, ताई, उठली. तिनं काचेवर तोंडाची वाफ सोडली. डोळा उघडला. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"आण्णा, भुतानं भडंग खाल्लंय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कागदावर पुरावा राहतो म्हणून मी दुपारी त्या काचेवर बोटानं गिरवायचो, दुसऱ्या हातात तेलकट भडंगाची वाटी. कोरड्या काचेवर काही दिसायचं नाही, म्हणजे काही राहत नसणार, असा माझा शास्त्रीय निष्कर्ष. आण्णा हसून हसून खाली बसले आणि पुढं प्रत्येक भाषणात त्यांनी हा किस्सा सांगितला, माझं नाव न बदलता.

आई हसली नाही. ओलं फडकं घेऊन काचेपाशी आली.

"ह्यात घर कुठलं?"

मी वाफ सोडून कोपऱ्यातलं बेत दाखवलं. तिनं तेवढं सोडून बाकी सगळं घासून काढलं आणि भांडी सोडायला बसली.

मी इस्राएलला गेलो नाही, बँकेतही नाही. आता ठिबकच्या नळ्या विकतो. हिब्रू सगळं विसरलो, पण बेत विसरायची सोय नाही. दर दिवाळीला काच धुतली की आई मला तेलाच्या बोटानं ते पुन्हा काढायला लावते. थंडीत कुणी आलं की वाफ सोडून दाखवते, "पावणं, ह्ये आमच्या भुताचं अक्षर." आणि चहाचा ट्रे घेऊन आलेल्या माझ्याकडं बोट करते, "आन् ह्ये भूत."