राबावर पाठ केलेलं ग्रीक

बा चैत्रात गेला. निरोप मिळून मी मुंबईहून पोशेऱ्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला रडू आलं नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघत, मीही त्यांच्याकडे बघत राही.

कॉलेजात मी ग्रीक घेतलं होतं. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी मला दाराशी वेगळं बसवलं, तेव्हा उठून सरळ पाद्रीसाहेबांच्या वर्गात गेलो. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण भूतकाळाची कर्मणी रूपं काही केल्या डोक्यात बसेनात. त्यांतच नापास झालो. जूनमध्ये पुन्हा पेपर होता. तोही गेला तर कॉलेज सुटणार.

थोरला भाऊ म्हणाला, "आता कसला पेपर? राब भाजायचाय. मंग पेरणी, लावणी. घरात माणूस कमी झालाय."

आईने शेणाची पाटी उचलली. मी राबाला लागलो. भाताची रोपं करायच्या जागी शेण, त्यावर फांद्या, पालापाचोळा, वर माती. थर पसरता पसरता म्हणत राहिलो: एपाइदेउथेन, एपाइदेउथेस, एपाइदेउथे. हात चालत होते, तोंड चालत होतं. आत काहीच नव्हतं.

काकीला वाटलं, पोराला वारं लागलं. ती भगताला घेऊन आली. तो बांधावर बसून बराच वेळ ऐकत राहिला.

"वारं नाय. पाठ करतोय पोऱ्या. मीबी मंतर असेच शिकलो, लाकडं फोडताना."

"अर्थ काय रं त्याचा?" दादाने विचारलं.

"मी शिकवला गेलो, तू शिकवला गेलास, तो शिकवला गेला."

"मी? मला रं कोणी शिकवलं? खोटारडी दिसते तुझी भाषा."

काकी हसली. दादा हसला नाही.

तेव्हा आई बोलली. "लावणीला मी हाय. जाऊ दे त्याला."

दादाने हातातली फांदी टाकली. "जा. पण चितेला तू नव्हतास. राब तरी पेटवून जा."

मी पेटवला. वाऱ्याविरुद्ध आग हळूहळू सरकत गेली. मी उभा राहून उरलेली रूपं म्हटली.

जूनच्या पेपरात एकही रूप चुकलं नाही. पाद्रीसाहेबांनी पाठ थोपटली. मला काही वाटलं नाही. तिकडे त्या राखेत तोवर भात उगवून आलं असेल.